तीस मणी उरले पाहिजेत

गुरु. २ जाने.
सकाळी प्रभाकर भाऊजींच्या केतकीचा, सुनेचा, फोन. "काकू, पप्पांची पंचाहत्तरी आहे ना, दोन फेब्रुवारीला सत्कार ठरलाय. वसंत पंचमीच्या मुहूर्तावर. तुमच्याकडे तो ग्रामोफोन आहे ना अजून? पप्पांची लहानपणची रेकॉर्ड स्टेजवर त्याच्यावरच वाजवायची. एकदम व्हिंटेज फील येईल."
म्हटलं, आहे. बघते.
हिशेबाच्या वहीची मागची पानं बरेच दिवस कोरी होती. आजपासून तिथे लिहिते.
ग्रामोफोनची ती पेटी आईची. आमच्या या ब्लॉकच्या वास्तुशांतीला आई उरणहून एसटीने मांडीवर घेऊन आली होती. तिची लग्नाआधी मुंबईला जाऊन भरलेली गाण्याची एकच प्लेट. एका बाजूला दत्ताचा पाळणा, दुसऱ्या बाजूला भूपाळी. लेकीच्या घरात पहिला आवाज देवाचा व्हावा म्हणून. चावी भरली, सुई ठेवली ती प्र. भाऊजींनी, कारण घरात गाण्यातलं त्यांनाच कळतं. आणि आवाज आला तो चिरका, तुरुतुरु पळणारा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माहेरी उंदीर पाळले होते का?" खोलीभर माणसं हसली. आई शिऱ्याचं ताट घेऊन दारात उभी होती.
पेटी इथेच ठेवून गेली. "मला नको ती आता." त्यानंतर ती कधी गुणगुणलीसुद्धा नाही. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायची. चौदा वर्षं जगली पुढे, तशीच.
आणि आता त्याच पेटीवर यांचा सत्कार. दत्तगुरू, तुम्हीच पाठवलात हा फोन.

शनि. ४ जाने.
पेटी माळ्यावरून काढली. ह्यांनी खालून स्टूल धरलं. धूळ पुसली. आईची प्लेट झाकणाच्या खिशात, धड आहे. सुयांची डबीही.
चावी फिरते, पण तबक जोरात सुटतं, थांबतच नाही. बाजूला वेगाची दांडी आहे, एका टोकाला इंग्रजीत 'फास्ट', दुसऱ्याला 'स्लो'. दांडी 'स्लो'च्या पार टोकाला घट्ट बसलेली. हलवली तरी वेगात काही फरक नाही. म्हणजे मशीन बिघडलेलंच आहे.
बिघडलेलं ठेवून काय उपयोग. माझ्या हाती असलं पाहिजे ते.

मंगळ. ७ जाने.
मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर हसनभाईंचं दुकान. घड्याळं, शिलाई मशीन. कुवेतहून परत आल्यापासून बसतात. राहायला आता करंजाड्याला मुलाकडे, पण दुकान सोडवत नाही. माझं मशीन तेच बघतात नेहमी.
पेटी बघून म्हणाले, "या अल्ला, ताई, हिला कुठे कैद करून ठेवली होती?"
तबक काढून आत दाखवलं. एवढ्या मोठ्या स्प्रिंगचा डबा, आणि त्याच्या बाजूला बोटभर उंचीची एक फिरकी. तीन शिशाचे गोळे, प्रत्येक गोळा पातळ पट्टीवर बसवलेला.
"स्प्रिंग नुसता जोर लावते. तिला अक्कल नाही. अक्कल ह्याच्यात. गव्हर्नर म्हणतात याला. मोटर पळायला लागली की हे तिन्ही गोळे बाहेर फेकले जातात. ते बाहेर गेले की ही चकती सरकते, आणि चकतीला हा फेल्टचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा घासतो. घासला की वेग आटोक्यात. दांडी काय करते, फेल्ट जवळ आणते नाहीतर लांब नेते. बस."
"मग आमची का ऐकत नाही?"
"चकती जाम आहे. सरकतच नाही. मग फेल्टला लागणार कशी?" मग दांडीकडे बघून म्हणाले, "पण कोणीतरी हिला हळू करायला बघितलं होतं हं. पार शेवटापर्यंत ओढलीय. माणूस जाणकार होता. त्याला कळलं होतं ही जास्त पळतेय."
वास्तुशांतीच्या त्या दिवसानंतर पेटीला कोणाचा हात लागलेला नाही. शेवटचा हात प्र. भाऊजींचा. त्यांच्या बोटातली पुष्कराजाची अंगठी पत्र्यावर टणकन वाजली होती, मला अजून आठवतं. मी समजत होते की सुई सरळ करतायत.
म्हणजे त्यांना कळलं होतं. मशीन जोरात पळतंय, आवाज आईचा नाही, हे त्यांना कळलं होतं. दांडी ओढली, हळू झालं नाही. आणि मग तोंड वर करून म्हणाले, उंदीर पाळले होते का.
इतकी वर्षं मी समजत होते, गाण्यातल्या माणसाला आईचा आवाज आवडला नाही. आवडो न आवडो, तो त्यांचा हक्क. पण हे तसं नव्हतं.
पोथी वाचायला बसले. तीच ओळ चारदा वाचली.

बुध. ८ जाने.
ठरलं. पेटी नीट करून घ्यायची. स्टेजवर मीच बसणार चावी द्यायला, केतकीला तसं सांगितलंही. "काकू, यू आर द बेस्ट." बरं.
दांडी माझ्या बोटाखाली. प्र. भाऊजींची तेराव्या वर्षीची तबकडी, 'काळी पाचच्या उंच पट्टीत गाणारा बालगायक', पन्नास वर्षं हेच ऐकतोय आम्ही. गणपतीत, लग्नात, बारशाला. ती दांडी 'स्लो'च्या टोकाला नेली की काय होईल? रेडा. भर सभेत पंचाहत्तरीचा रेडा.
मग मी म्हणेन, भाऊजी, माहेरी... नाही, त्यांच्या माहेराचं काय. दुसरं काहीतरी शोधलं पाहिजे. वेळ आहे.

गुरु. ९ जाने.
आज लिहू नये असं वाटतंय. पण वहीत एक बाजू मांडून दुसरी सोडली असं मी कधी केलं नाही.
हसनभाईंनी गव्हर्नर सोडवून ठेवला होता. चकतीच्या दांड्याला पिवळट तपकिरी लुकण, जुन्या ग्रीसात कालवलेलं. नखाने खरवडून मला वास दिला. "ओळखा बघू. खोबरेल. दर दुसऱ्या मशीनला हेच. बायका डोक्याला लावतात तेच मशीनला लावतात. थंडीत गोठतं, ताई. चकती तिथेच चिकटली. मोटर सुटली ती सुटली."
वास्तुशांत माघातली. पहाटे थंडी मरणाची होती.
आदल्या दिवशी आई म्हणाली होती, "मशीनच्या तेलाचे दोन थेंब घाल ग, बरीच वर्षं बंद आहे." शिलाई मशीनच्या तेलाची कुपी संपत आलेली. मी देवघरातल्या समईसाठी आणलेलं खोबरेल घातलं. दोन नाही, चांगलं चमचाभर. देवाचंच तेल, म्हटलं, चांगलंच होईल.
दुसऱ्या दिवशी परत निघताना एसटी स्टँडवर आईने विचारलं होतं, "तेल कुठलं घातलंस?"
"मशीनचं," मी म्हटलं.
ती म्हणाली, "मग आवाजच तसा असेल माझा."

शुक्र. १० जाने. एकादशी.
उपास. दिवसभर कुणाशी बोलले नाही. ह्यांना तसंही ऐकू येत नाही, त्यांच्या लक्षात आलं नाही.
तेल माझं. हसणं त्यांचं. माझ्या चुकीने त्यांचं हसणं पुसलं जात नाही. तेल घालताना मला माहीत नव्हतं. हसताना त्यांना माहीत होतं.
पण एसटी स्टँडवर मी जे बोलले ते तर मला माहीत असूनच

मंगळ. १४ जाने. संक्रांत.
प्र. भाऊजींकडे तिळगूळ द्यायला गेलो. ते कोचावर, शाल बिल. क्लासच्या मुली पाया पडतायत, "गुरुजी, गुरुजी." मला म्हणाले, "वहिनी, मशीन कुठवर आलं? तुमचं ते मशीन म्हणजे आमच्या घराण्याचा ठेवा." आमच्या घराण्याचा. आईची पेटी.
मी म्हटलं, "आईची प्लेटही आहे त्यात."
"हो का? तुमच्या आई गायच्या का हो?"
हे विचारताना माझ्याकडे बघत नव्हते, हलव्यातला काटेरी दाणा शोधत होते. माणूस खरंच विसरतो का? विसरला असेल तर मी एवढी वर्षं एकटीच त्या खोलीत बसून होते.
गोड बोलायचं म्हणून गोड बोलले. घरी येऊन दात दुखायला लागला.

रवि. १९ जाने.
पेटी घरी आली. हसनभाईंनी चकती घासून दिली, फेल्ट नवा बसवला, योग्य तेल घातलं. जाताना ताकीद, "अठ्ठ्याहत्तर चक्कर एका मिनिटात. ना जास्त ना कमी. प्लेटवर कागदाची चिठ्ठी ठेवा आणि मोजा. पण सुई टेकवून मोजायचं हं, सुईचं ओझं असतं. आणि एका बाजूला एक सुई. वापरलेली परत वापरलीत तर प्लेट कापेल. तिथे काटकसर करू नका, ताई, मी ओळखतो तुम्हाला."
तोंडाने एवढं भरभर मोजता येत नाही, जीभ अडखळते. बोटांना सवय आहे. जुनी तुळशीची माळ घेतली, जपाची नाही, जपाची देवघरात ठेवली. चिठ्ठी समोरून गेली की एक मणी. ह्यांनी घड्याळ धरलं, हाताने खूण करून सुरू आणि हाताने बंद. एकशे आठातून अठ्ठ्याहत्तर गेले की तीस उरले पाहिजेत.
पहिल्यांदा चोवीस उरले. दांडी जरा अलीकडे. मग सदतीस. मग एकतीस. केसभर. तीस. पुन्हा मोजले, तीस. तिसऱ्यांदा, तीस. दांडीशेजारी कुंकवाचं बोट लावून ठेवलं.
चाचणीला वरची भूपाळीची बाजू झिजवली. मग नवी सुई घेऊन दत्ताचा पाळणा लावला.
फार मोठी गायिका नव्हती ती, हे लिहायला पाहिजे. श्वास कमी पडतो दोन ठिकाणी. पण आवाज भरीव, थोडा घोगरा, स्वर जागच्या जागी. पाळण्याची शेवटची ओळ संपवताना जरा हसल्यासारखी वाटते. अशी आई मला माहीत आहे. पीठ मळताना अशीच गायची, मी सात-आठ वर्षांची होते.
हे जवळ येऊन पेटीवर तळवा ठेवून उभे राहिले, थरथर लागते ती. म्हणाले, "सासूबाई?"
मी मान हलवली.
मग रागच आला. इतका की हात धुवायला उठले.

बुध. २२ जाने.
केतकी प्र. भाऊजींची तबकडी देऊन गेली, "ट्राय करून ठेवा काकू." केली ट्राय. दांडी 'स्लो'च्या टोकाला.
तेरा वर्षांचा मुलगा काय, विहिरीत पडलेला वासुदेव वाटतो. तानेच्या जागी जांभई. मी हसले, हसले, पदर तोंडात घातला. ह्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, तुमचा भाऊ गातोय. त्यांनी पेटीवर तळवा ठेवला, म्हणाले, "तब्येत बरी नाही वाटतं त्याची."
मग दांडी कुंकवाच्या खुणेवर आणून एकदा सरळ ऐकली. चांगलं गायलाय पोरगा. ते ऐकून मजा थोडी कमी झाली. पण ठरलंय ते ठरलंय.

रवि. २६ जाने.
झेंडावंदनाहून परस्पर प्र. भाऊजी आले, एकटे. तबकडी ऐकायला. मोबाइलमध्ये तंबोरा लावून बसले. मी खुणेवर लावली.
दोन ओळींतच हात वर. "वहिनी, हे हळू चाललंय."
"नाही."
"अहो काळी चार लागतेय. मी काळी पाच गायलोय."
"तीस मणी उरतात, भाऊजी. मोजा तुम्ही."
त्यांनी मोजलं. घड्याळ बघून, बोटांनी टेबलावर. अठ्ठ्याहत्तर. परत मोजलं. पुष्कराजाची अंगठी गोल गोल फिरवत बसले. म्हणजे त्यांच्या घरचं जुनं मशीन जोरात पळायचं, त्याच्यावरून कॅसेट केली, कॅसेटवरून मोबाइलमध्ये आली. पन्नास वर्षं स्वतःचाच खोटा आवाज ऐकला या माणसाने आणि त्यावर गुरुजी झाला.
मग हळूच म्हणाले, "स्मरणिका छापून झालीय. पहिल्याच पानावर आहे, काळी पाच. क्लासच्या मुली हार्मोनियम घेऊन बसतील हो समोर, त्यांना लगेच कळेल. दहा मणी वाढवा, वहिनी. तीसच्या जागी वीस उरू द्या. एवढंच."
इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच असावं. आलं तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होते.
म्हटलं, "वाढवते. पण आधी आईची प्लेट वाजणार. नाव घेऊन. आणि तुम्ही माइकवर सांगायचं, की आमच्या वास्तुशांतीला मशीन जोरात चाललं होतं, मला कळलं होतं, तरी मी हसलो."
अंगठी फिरायची थांबली. मग म्हणाले, "आणि जोरात का चाललं होतं, तेही सांगू ना? हसनभाईंना फोन केला होता मी, मशीन तयार आहे का विचारायला. खोबरेल निघालं म्हणे आतून. घरात त्या दिवशी तेल घालणारं कोण होतं, वहिनी?"
"म्हणजे तुम्हाला तो दिवस आठवतो."
"आठवतो."
"मग संक्रांतीला कसं विचारलंत, तुमच्या आई गायच्या का हो?"
उठताना म्हणाले, "सगळे हसायला लागले होते. मी एकटा गंभीर कसा बसणार?"
"पहिले तुम्ही हसलात, भाऊजी."
"असेन. बत्तीस वर्षांचा होतो." दारात चपला घालताना, पाठमोरे, "आवाज बरा होता त्यांचा. हे मी खाजगीत सांगतो."
खाजगीत. खोलीभर माणसांपुढे उंदीर, आणि चपला घालताना बरा होता.

गुरु. ३० जाने.
केतकीने कार्यक्रमपत्रिका पाठवली. दीपप्रज्वलन, सरस्वती पूजन, मान्यवर, मान्यवर, 'दुर्मीळ ध्वनिमुद्रिका: काळी पाचमधला बालसूर'. आईचं नाव कुठे नाही. फोन केला. "काकू, पप्पा म्हणाले वेळ झाला तर घेऊ."
त्यांना वाटतंय, खोबरेल त्यांच्या हातात आहे म्हणून मी गप्प बसेन. बरोबर वाटतंय त्यांना. चार दिवस गप्पच आहे.
आज गुरुवार. समईत तेल घालायला बाटली उचलली, तोच वास. घातलंच नाही. तुपाचं निरांजन लावलं.

शनि. १ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. आधी हळू सांगितलं, ऐकू गेलं नाही. "काय?" मग मोठ्याने. "आईच्या पेटीत तेल मी घातलं होतं. खोबरेल. आणि आईशी खोटं बोलले." "कोण बोललं?" मग ओरडूनच, "मी. मी खोटं बोलले."
समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं. वरच्या पाटीलबाई जिन्यात थांबल्या. म्हटलं, या, तुम्हीही ऐका. सगळं पहिल्यापासून सांगितलं, ह्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एसटी स्टँडवर आई काय म्हणाली तेसुद्धा.
पाटीलबाई रडल्या. हे म्हणाले, "चमचाभर कशाला घातलंस, दोन थेंब पुरले असते."
संध्याकाळी प्र. भाऊजींना फोन करून सांगितलं, "खोबरेलाचं तुम्ही सांगायची गरज नाही. आमच्या बिल्डिंगला कळलंय. उद्या उरलेल्यांना मीच सांगेन."
पलीकडून, "वहिनी, वीस मणी ना?"
"भेटू उद्या," म्हटलं.

रवि. २ फेब्रु. वसंत पंचमी.
आंघोळ, पूजा झाली. सत्कार पाचला, पेटी चारला न्यायची. आईचं पिवळं लुगडं नेसलेय.
तुळशीच्या माळेला अठ्ठ्याहत्तराव्या मण्यापाशी लाल दोरा बांधलाय. अठ्ठ्याऐंशीला हिरवा, त्यांच्या मागणीचा. 'स्लो'च्या टोकाला दोरा लागत नाही, तिथे दांडी आपोआप अडते. तिन्ही जागा बोटाला पाठ झाल्यात, डोळे मिटून दांडी नेऊन बघितली.
सकाळी आरतीनंतर दत्ताला विचारलं, दांडी कुठे ठेवू?
दुपारी दीडला प्र. भाऊजींचा परत फोन. आवाज कोरडा. "आईंचं नाव काय होतं? पूर्ण. म्हणजे, माइकवर चुकायला नको." मी सांगितलं. लिहून घेतल्यासारखं वाटलं, कागद वाजला. पुढे काय बोलणार, ते ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. कागद काय, कसलाही वाजतो.
डबीतून दोन नव्या सुया काढून रुमालाच्या गाठीत बांधल्या. आईची प्लेट दोन उशांच्या अभ्र्यांमध्ये गुंडाळून पिशवीत, वर. त्यांची खाली.
ह्यांनी आठवण केली म्हणून मशीनच्या तेलाची कुपीही घेतलीय. मशीनच्या.
रिक्षा आली. दांडी सध्या कुंकवाच्या खुणेवर आहे. पेटी मी मांडीवर घेणार, हादरे बसतील, तिथे पोचल्यावर परत मोजावं लागेल.